रिकाम्या गाडीचं वजन

१

रिकामी गाडी आणि भरलेली गाडी यांतला फरक मला कमरेत कळतो. भरलेली गाडी वळणावर आधी विचार करते, मग वळते. रिकामी गाडी बेफिकीर असते, रस्त्यातला प्रत्येक खड्डा ती तुमच्या मणक्याला जाऊन सांगते. घरात यावरून माझी भरपूर थट्टा होते. सून म्हणते, "बाबांना नुसतं पुढच्या सीटवर बसवा, डिकीत पाण्याची बाटली राहिली असेल तरी सांगतील." मुलगाही हसतो, मीही हसतो.

हे ज्ञान मला लढाईने दिलं. तसं पाहिलं तर लढाई मी पाहिलीच नाही, ऐकली. मी वाहतूक तुकडीत ड्रायव्हर होतो. आम्ही कुणावर गोळी झाडली नाही. आम्ही पोहोचवायचो. पीठ, रॉकेल, दारूगोळा, घोंगड्या, टपाल आणि माणसं. खाली दरीत एका बंद पडलेल्या शाळेत आमचा तळ होता. तिथून रस्ता डोंगराला वेटोळे घालत वर जायचा आणि एका मोकळ्या सपाटीवर संपायचा. त्या सपाटीला आम्ही 'वरचा तळ' म्हणायचो. त्याच्यापुढे चाकाचं काम नव्हतं. पुढची चढण माणसं आणि खेचरं पायी चढायची, थेट कड्यावरच्या चौक्यांपर्यंत.

सकाळी भरून वर, दुपारी रिकामं खाली. रस्ता एकाच गाडीच्या रुंदीचा, त्यामुळे सगळ्यांचं येणं-जाणं ठरलेलं. सकाळी उठलं की जेवणाच्या डब्याच्या झाकणाने काचेवरचं बर्फ खरवडायचं, तेल बघायचं, चाकांना एकेक लाथ घालायची. मग इंजिन सुरू करून बोनेटवर दोन्ही हात पसरून उभं राहायचं. हात शेकले की अंगात जीव यायचा. आज इतक्या वर्षांनी सांगतो, त्या बोनेटच्या उबेसारखी ऊब मला पुन्हा कुठल्या शेकोटीत मिळाली नाही.

माझा जोडीदार अंगाने आडदांड आणि बोलायला कंजूष होता. दोन वाक्यांच्या मध्ये तो एखादी डुलकी काढून घ्यायचा. सगळा तळ त्याला 'थोरला' म्हणायचा, कारण त्याचा सख्खा भाऊ, 'धाकटा', पायदळाच्या एका तुकडीत होता आणि ती तुकडी आमच्याच तळावर येऊन थांबली होती. थोरला मला उस्ताद म्हणायचा. वयाने मी त्याच्यापेक्षा लहानच होतो, पण स्टिअरिंग माझ्या हातात असायचं ना.

२

त्या तुकडीला वर नेलं ते मीच.

सकाळ स्वच्छ होती. पोरं गाडीच्या मागच्या हौद्यातल्या दोन्ही बाकांवर दाटीवाटीने बसली. थोरल्याने केबिनचं दार उघडं धरलं आणि भावाला म्हणाला, "इथे बस. इंजिनची ऊब आहे."

"माझी माणसं मागे आहेत, दादा," धाकटा म्हणाला.

"आणि मी कोण?"

"तू ड्रायव्हरचा माणूस," असं म्हणून तो हसत मागे गेला. थोरल्याने दार इतक्या जोरात आपटलं की काच खाली घसरली. वर पोहोचेपर्यंत तो झोपला नाही. मध्येच म्हणाला, "आईने सांगितलंय त्याच्यावर लक्ष ठेव. तो माझ्याकडे बघतच नाही, लक्ष काय ठेवू?"

वाटभर मागून आवाज. एकाला आम्ही गवई म्हणायचो. त्याला एकच गाणं यायचं आणि तेही अर्धं. बाकीचे त्याला शिव्या द्यायचे आणि मग त्याच्याबरोबर तेच अर्धं गाणं म्हणायचे. वळण आलं की सगळे एका बाजूला कलंडायचे, बाक करकरायचे, कुणीतरी ओरडायचं, "उस्ताद, माणसं आहेत, बटाटे नाहीत!"

वरच्या तळावर मी गाडी लावली, हौद्याच्या मागच्या फाळक्याच्या साखळ्या सोडल्या, फाळका खाली पाडला. कुणी हललं नाही. त्यांचा हवालदार आधी केबिनच्या बाजूने चालत मागे गेला, बाजूला उभा राहिला आणि म्हणाला, "तुकडी, उतर!" त्याच्या शब्दाशिवाय ती माणसं बसायची नाहीत आणि उतरायचीही नाहीत. हवालदार बारका, मिशी पांढरी, आवाज मात्र दरीपलीकडे जाणारा.

मग एकेक जण उतरला. लोहार नावाचा एक गडी होता, घरचा धंदाच तो. त्याने दोन्ही पाय जोडून उडी मारली तशी गाडी मागून टुणकन वर आली. मास्तर नावाचा सडपातळ माणूस शिडीवरून उतरावं तसा पाठमोरा, एकेक पाय चाचपत उतरला. उंट म्हणून एक लांबलचक पोरगा होता, तो घराच्या उंबऱ्यावरून पाय टाकावा तसा सरळ जमिनीवर आला. मी चाकापाशी उभा राहून बघत होतो. माणूस उतरला की गाडीचं वजन झेलणारे कमानीचे पाटे थोडे वर यायचे, पुढचा उतरला की आणखी थोडे. मला ते बघायला आवडायचं. गाडी श्वास घेतेय असं वाटायचं.

ते कड्याकडे चालू लागले आणि आम्ही रिकामे खाली आलो.

पुढे काही आठवड्यांनी हवालदारालाच मी खाली आणलं. थंडीने त्याचे पाय काळे पडले होते. केबिनमध्ये घोंगडीत गुंडाळून तो माझ्या आणि थोरल्याच्या मध्ये बसला होता आणि वाटभर एकच बडबडत होता, "पोरं वर आणि मी खाली. हे काय बरोबर आहे?"

३

त्या दिवशी धुकं होतं. वर चढतानाच कड्याकडून धप्प धप्प असे आवाज येत होते, जाड गादीवर कुणी दांडकं मारावं तसे. आम्ही वरच्या तळावर पोहोचलो तेव्हा ते थांबले होते. टेलिफोनवाला तंबूत बसून यंत्राचा दांडा फिरवत होता, फुंकर मारत होता, पुन्हा फिरवत होता.

"कड्यावरची लाइन तुटलीय," तो म्हणाला. "जोडायला माणसं गेलीत."

"धाकट्याची चौकी?" थोरल्याने विचारलं.

"सगळ्याच."

थोरला कड्याच्या दिशेने बघत उभा राहिला. तिकडे धुक्याशिवाय काही नव्हतं. माल उतरवून झाला. थांबायची परवानगी नव्हती, उतरायच्या ठरल्या वेळेतच रस्ता मोकळा करायचा होता. मी हौद्यात नजर टाकली: दोन बाकं, एक फाटकं पोतं, दोराची गुंडाळी. फाळका वर केला, साखळ्या अडकवल्या आणि निघालो. धुक्यात गाडी माणसाच्या चालीने चालली होती.

पहिल्या वळणावर ब्रेक दाबला आणि गाडी थांबली नाही. म्हणजे थांबली, पण उशिरा. पूर्ण भरलेली गाडी जशी मागून रेटा देते, तसा रेटा देत थांबली.

मी म्हटलं, ब्रेकचे लायनर ओले झाले असतील. धुक्यात होतं असं. पुढच्या वळणावर मी आधीपासून गिअर खाली टाकला. इंजिन कण्हायला लागलं. उतारावर रिकाम्या गाडीचं इंजिन कण्हत नाही. मग म्हटलं, एखाद्या चाकाचा ब्रेक चिकटला असेल. पण चिकटलेला ब्रेक गाडीला मागे खेचतो, ही तर पुढे ढकलली जात होती.

आणि मग डावं वळण आलं, तेव्हा बाक करकरले.

आधी एका बाजूचा, मग दुसऱ्या बाजूचा. थोरला आणि मी दोघांनीही ऐकलं, कारण आम्ही दोघंही एकाच वेळी बोलायचं थांबलो. त्याआधी तो बोलतच होता. कधी न बोलणारा माणूस त्या दिवशी घराच्या गळक्या छपराबद्दल, वडिलांनी विकलेल्या सायकलबद्दल, कशाकशाबद्दल बोलत सुटला होता.

मी गाडी थांबवली. दोघंही मागे गेलो. थोरल्याने पायरीवर चढून आत बघितलं.

"रिकामी आहे," तो म्हणाला.

मी खाली वाकून पाटे बघितले. कमानीची वाक पार मोडून ते सपाट झाले होते. दारूगोळ्याच्या पेट्या भरल्यावर होतात तसे. मी हाताने चाचपले. थंडगार लोखंड. त्यात एक बारीक थरथर होती, पण इंजिन चालू होतं, त्याची असेल.

"थंडीने लोखंड असं बसतं का रे?" मी विचारलं.

"बसत असेल." तो माझ्याकडे बघत नव्हता. "चल उस्ताद. इथे थांबायला नको."

४

खाली उतरताना अर्ध्या वाटेवर ओढ्यावर पूल होता. मूळचा पूल केव्हाच उडवलेला, त्या जागी लोखंडी सांगाड्यावर लाकडी फळ्या टाकून केलेला तात्पुरता पूल. त्याच्या रखवालीचं काम नायक हुद्द्याच्या एका जवानाकडे होतं. त्याला आम्ही पूलवाला म्हणायचो. बोलका, चहाबाज माणूस. पुलाच्या तोंडाशी पत्र्याच्या खोपटात तो राहायचा आणि कुठल्याही गाडीला चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाही.

त्या दिवशी त्याने लांबूनच हात आडवे केले.

"सकाळी तू वर गेल्यावर डोंगरातून दगड आलाय. मधला आडवा गज वाकलाय," तो म्हणाला. "दुरुस्तीची माणसं येतायत. तोवर भरलेल्या गाड्या बंद. तू रिकामाच आहेस ना? जा हळूहळू."

मी हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिलो. काय सांगणार होतो मी त्याला? गाडी रिकामी आहे हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. ती रिकामी नाही हे माझी कंबर सांगत होती. डोळ्यांचं ऐकलं असतं तर सरळ पुलावर घातली असती, आणि खाली ओढा बर्फाचं पाणी घेऊन खडकांवर आपटत होता. थांबलो असतो तर मागे गाड्यांची रांग लागली असती आणि वरिष्ठांनी विचारलं असतं, का थांबलास?

"काय झालं?" पूलवाल्याने विचारलं.

त्या पुलाचा नियम होता. माणसं असली की खाली उतरवायची, त्यांनी पायी पूल ओलांडायचा, मागून मोकळी गाडी न्यायची. आणि हे सांगायचा मान ड्रायव्हरचा. पुलापुरतं हवालदारसुद्धा ड्रायव्हरचं ऐकायचा.

मी खाली उतरलो. मागे गेलो. साखळ्या सोडून फाळका पाडला आणि रिकाम्या हौद्याकडे तोंड करून म्हटलं, "पूल आलाय. सगळे खाली. पायी चला, पलीकडे परत बसा."

माझा आवाज मलाच वेड्यासारखा वाटला. पूलवाल्याच्या तोंडावर हसू यायला लागलं होतं.

मग पाटे वर आले. एकदम नाही. थोडे, मग आणखी थोडे. मध्येच एकदा गाडी टुणकन उसळली. माझ्या पायाजवळची खडी दाबली गेल्याचा आवाज आला, नंतर त्याच्या पुढची, त्याच्या पुढची. पूलवाल्याचं हसू अर्धवटच राहिलं.

थोरलाही नियमाप्रमाणे पायी निघाला. तो पुलावर दोन पावलं गेला आणि फळ्या वाजायला लागल्या. एका माणसाच्या चालण्याने वाजतात तशा नाही. पूर्ण रुंदीत, पुढे-मागे, खडखड खडखड, अख्खी तुकडी कदमताल सोडून सावकाश चालल्यासारख्या. प्रत्येक फळी दबत होती, सुटत होती. थोरला कठड्याला अंग घासत चालला होता, गर्दीत आपण दुसऱ्याला जागा देतो तसा.

पुलाच्या मध्यावर तो थांबला. हळूच म्हणाला, "धाकट्या?"

फळ्यांचा आवाज बंद झाला. सगळाच. नुसता ओढा ऐकू येत होता. थोरला मान खाली घालून उभा होता, आजूबाजूला बघायची त्याची हिंमत नव्हती. मग पुन्हा खडखड सुरू झाली आणि पलीकडे जाऊन संपली.

मी गाडी नेली. ती पिसासारखी गेली. पलीकडे थांबून मी पाठमोराच उभा राहिलो. मागे पाटे एकेक करून बसत गेले, ते मी बघितलं नाही, ऐकलं. फाळका मात्र मलाच लावावा लागला. पूलवाला पलीकडच्या काठावर चहाचा मग हातात धरून तसाच उभा होता.

५

तळावर पोहोचल्यावर मी गाडी नेहमीच्या जागी, शाळेच्या मैदानात लावली. फाळका पाडला. म्हटलं, "आला तळ. उतरा."

काही झालं नाही. पुन्हा म्हटलं. पाटे सपाटच.

आमचा मिस्त्री फडक्याला हात पुसत आला. "भरलेली गाडी खाली का आणलीस?" त्याने विचारलं. मग आत डोकावला, मग खाली वाकला, मग पुन्हा आत डोकावला. मिस्त्री कुठल्याही बिघाडावर तोंडसुख घेणारा माणूस. त्या दिवशी त्याने नुसतं फडकं खांद्यावर टाकलं.

"माझं नाही ऐकणार ते," मी थोरल्याला म्हटलं. "पूल संपला. आता त्यांना त्यांचा माणूस पाहिजे."

दवाखाना शाळेच्या वर्गांत होता. फळ्यावर कुणाची तरी जुनी बेरीज अजून तशीच होती, कुणाला पुसावीशी वाटली नव्हती. लहान मुलांचे बाक भिंतीला रचून ठेवलेले आणि त्यांच्या जागी खाटा. हवालदार खिडकीपाशी होता. दोन्ही पायांना गुडघ्यापर्यंत पट्ट्या. औषधाचा वास आणि ओल्या लोकरीचा वास.

मी खाटेपाशी उभा राहिलो. मग सरळच सांगितलं.

"हवालदारसाहेब, तुमची माणसं गाडीत बसलीयेत. उतरत नाहीत."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, हाकलून देईल. वरची बातमी तेव्हा कुणालाच माहीत नव्हती, लाइन अजून तुटलेलीच होती.

"कुणाच्या गाडीत?" त्याने विचारलं.

"माझ्या."

"फाळका खाली केलास?"

"केला."

त्याने डोळे मिटले. थोड्या वेळाने उघडले आणि घोंगडी बाजूला केली. "चालता येत नाही मला. मला घेऊन चल."

मी त्याला पाठुंगळीला घेतलं. मिशी माझ्या कानाला लागत होती. एवढा दणकट आवाजाचा माणूस, पण अंगाने कोवळ्या मुलाएवढा हलका झाला होता. परिचारक काहीतरी ओरडला. आम्ही थांबलो नाही.

६

मैदानात भुरभुर सुरू झाली होती. मिस्त्रीने एक रिकामी पेटी पालथी घातली, तिच्यावर हवालदाराला बसवलं. हवालदाराने सदऱ्याची बटणं लावली, गळ्यापर्यंत. हाताने केस सारखे केले. मग गाडीकडे बघितलं.

"तुकडी," तो म्हणाला. त्याने घसा खाकरला. "तुकडी, उतर!"

गाडी मागून टुणकन वर आली.

"लोहार," हवालदार पुटपुटला. "शंभरदा सांगितलं, उडी मारू नको, गुडघे जातील."

मग बराच वेळ काहीच नाही. मग पाटे अगदी हळू, चाचपत, थांबत थांबत वर आले.

"मास्तर."

पुढचं इतकं अलगद झालं की मला कळलंही नाही. हवालदाराला कळलं. "उंट," तो म्हणाला. तो एकेकाला ओळखत होता. गवई उतरला तेव्हा तो जरासा हसला. प्रत्येकासाठी त्याच्याकडे काहीतरी होतं, कुणाला शिवी, कुणाला नुसतं "ये बाबा". मिस्त्रीने टोपी काढून हातात धरली होती. मैदानातल्या ओल्या मातीवर पावसाचे थेंब पडत होते, पण गाडीच्या मागे एका रांगेत, ठरावीक अंतराने, काही ठिकाणी ते पडत नव्हते. मी तिकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. पुन्हा बघितलं नाही.

थोरला या सगळ्या वेळात चाकापाशी गुडघ्यांवर बसला होता. पाट्यांवर हात ठेवून. पाटा हलला की त्याचे खांदे आक्रसायचे, आणि हवालदाराने नाव घेतलं की सैल पडायचे. दरवेळी मला वाटायचं, आता धाकट्याचं नाव घेतलं जाईल.

शेवटी पाटे हलायचे थांबले.

"धाकटा?" थोरल्याने विचारलं. त्याने मान वर केली नव्हती.

हवालदार रांगेवर नजर फिरवत होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग परत.

"तो उतरला नाही," तो म्हणाला.

थोरला उठला आणि हौद्यात चढला. बाकांखाली बघितलं, पोतं उचलून बघितलं, दोन्ही हात पसरून हवेत चाचपडत तो या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. आंधळ्या माणसासारखा. मिस्त्रीने खाली वाकून पाटे आणि गाडीच्या सांगाड्याच्या मध्ये हाताची वीत धरली.

"मोकळे झालेत," तो म्हणाला. "गाडी रिकामी आहे, थोरल्या. उतर खाली. आता खरंच रिकामी आहे."

हवालदार पेटीवर ताठ बसला. "पोरांनो," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज आता हुकमाचा नव्हता. "झालं काम. सुट्टी तुम्हाला. जा घरी."

मैदानाच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने आडवा बांबू उचलला. काही वेळ धरून ठेवला, मग खाली केला. नंतर मी त्याला विचारलं, कुणासाठी उचललास? तो म्हणाला, "कुठे? मी तर हललोही नाही."

७

लाइन जोडली गेली आणि बातमी आली. ती चौकी राहिली नव्हती. त्या तुकडीतला एकच जण जिवंत सापडला. वरच्या तळाच्या थोडं खाली, रस्त्याच्या कडेला, गुडघ्यांत डोकं घालून बसलेला. त्याला खाली आणायला आम्हीच गेलो. थोरल्याने त्याला मिठी मारली तेव्हा धाकटा लाकडासारखा उभा होता. माझ्या गाडीत बसायला त्याने साफ नकार दिला. शेवटी दुसऱ्या गाडीने आणलं त्याला.

लढाई संपली. हवालदाराने पाय गमावले, पण माणूस खूप जगला. गावात शिवणयंत्र घेऊन बसायचा आणि गिऱ्हाइकांवर खेकसायचा. मी त्याला भेटायला जायचो. आम्ही तासन्‌तास बोलायचो, त्या थंडीबद्दल, पुलावरच्या चहाबद्दल, गवयाच्या अर्ध्या गाण्याबद्दल. त्या दुपारबद्दल कधीच नाही. थोरला माझा शेवटपर्यंत मित्र राहिला. माझ्या मुलाच्या लग्नात त्याने अख्खा मांडव उभा केला आणि मग त्यातच एका कोपऱ्यात झोपून गेला. दोघंही आता नाहीत.

धाकटा आहे. तोही म्हातारा झालाय. थोरला गेल्यापासून अधूनमधून माझ्याकडे येतो. आमच्यात कधीच फार सख्य नव्हतं. माझ्यावर त्याचा राग आहे हे मला माहीत होतं. मला वाटायचं, तो एकटा वाचला, त्याचं दुःख तो कुणावर तरी काढणार, तर माझ्यावर काढू दे.

परवा तो आला होता. आम्ही गच्चीत ऊन खात बसलो होतो. सुनेने चहा दिला आणि ती खाली गेली. काय विषय निघाला आठवत नाही, मी म्हटलं, "त्या दिवशी धुकं काय होतं रे, हाताला हात दिसत नव्हता."

"दिसत होतं," तो म्हणाला. "तुमची गाडी दिसत होती मला."

मी कप खाली ठेवला.

"मी कड्यावरून उतरलो आणि तुम्ही निघाला होतात. मी मागे धावलो, उस्ताद. हाका मारल्या. तुम्हाला ऐकू नाही आलं. गाडी हळूच चालली होती, मी गाठली. फाळक्याला हात घातला. सगळे बसले होते. दोन्ही बाकांवर, नेहमीसारखे. मी म्हटलं, लोहार, हात दे."

म्हातारपणी त्याचा चेहरा थोरल्यासारखा झालाय, ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"त्याने माझ्याकडे बघितलं आणि हात काखेत दाबून धरले. मी मास्तरला म्हटलं. त्याने तोंड फिरवलं. मग एकेक करून सगळ्यांनी तोंडं फिरवली. माझी बोटं सुटली. मी रस्त्यावर पडलो." त्याच्या आवाजात राग होता, इतक्या वर्षांचा, ताजा. "माझी माणसं होती ती. मी त्यांचं काय वाईट केलं होतं?"

"धाकट्या," मी म्हटलं, "तुला तेव्हा माहीत होतं ना, की ते..."

"माहीत होतं की. मीच घोंगड्या पांघरल्या होत्या त्यांच्या अंगावर. एकेकाच्या, तोंडावरून." त्याने माझ्याकडे बघितलं. "तरीपण मला बसायचं होतं."

मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. ऊन सरकून कठड्यापाशी गेलं तोवर आम्ही तसेच बसून होतो. मग तो निघतो म्हणाला. मी म्हटलं, स्टँडपर्यंत सोडतो. मुलाचा टेम्पो दारात उभा होता. वाटलं, नेहमीप्रमाणे नको म्हणेल आणि काठी टेकत निघेल.

तो टेम्पोपाशी आला. मी आत बसून पलीकडचं दार उघडलं. त्याने लगेच पाय वर टाकला नाही. दाराला धरून, मान वाकडी करून, माझ्या खांद्यावरून मागे हौद्याकडे बघितलं. बराच वेळ. मग अगदी आर्जवाने विचारलं, आणि मला विचारलं नाही,

"येऊ का?"

मी मागे वळून बघितलं नाही. तो वाट बघत होता, उत्तराकडे कान लावून. मग त्याचा चेहरा सैल झाला. मी हात पुढे केला. तो त्याने घट्ट धरला आणि वर चढला.